कापडानं मढवलेली बटणं

५ फेब्रुवारी

बाबा,

नाही, चोर हा शब्द मला मान्य नाही. तुम्ही तो एका पत्रात तीनदा लिहिलात म्हणून तो तिप्पट खरा होत नाही. व्यापारी चोर, माझा मालक चोर, आणि त्याच्या गोदामात राबतो म्हणून मी चोराचा हमाल. इथवर मी ऐकून घेतलं असतं. तुमच्या मशीनच्या खडखडाटात हेच ऐकत मोठा झालोय. पण आता धाकट्या बहिणीलाही तुम्ही त्याच माळेत ओवलंत.

काय केलं तिनं? शेजारच्या पोरीला एक फ्रॉक शिवून दिला. शिलाई मंडळाचा परवाना नसताना दिला, कबूल. म्हणून मंडळाचे अध्यक्ष स्वतः कात्री घेऊन शेजारी गेले आणि त्या पोरीच्या फ्रॉकची बटणं कापून घेऊन आले. विनापरवाना कपड्याची बटणं कापायची हा मंडळाचा जुना रिवाज. मला काय सांगता, त्या कापलेल्या बटणांनी तर मी लहानपणी खेळलोय. पण आई लिहिते, त्या पोरीनं फ्रॉक पुढून दोन्ही मुठींत धरून ठेवला होता आणि तुम्ही तिला समजावत होता. समजावून कापलीत म्हणजे ती कमी कापली गेली का?

कापड शेजारणीचं, दोरा धाकटीचा, बोट टोचलं तेही तिचंच. मग चोरलं काय? तुम्ही म्हणता, गिऱ्हाईक चोरलं. गिऱ्हाईक कुणाच्या दावणीला बांधलेलं असतं का बाबा? ते आपल्या पायांनी येतं आणि आपल्या पायांनी जातं.

घड्याळजीचा गाळा रिकामा झालाय आणि गाळ्याचा मालक मे महिन्यापर्यंत तो धाकटीसाठी राखून ठेवायला तयार आहे, हे तुम्हालाही ठाऊक आहे. मेपर्यंत परवाना मिळाला तर तिचं दुकान, नाही तर ती जन्मभर तुमच्या दुकानात दाराआड बसून दुसऱ्यांच्या कपड्यांना हेम घालणार. बाईमाणसानं हेम घालावी, बटणं लावावीत, बेतायचं मात्र पुरुषानं, तेही उस्तादाकडे सात वर्षं घासून. मी त्यातल्या पाचव्या वर्षी पळालो, तेव्हा माझं जाऊ द्या. पण तिनं दाराआडून का होईना, अकरा वर्षं काढलीत. तुम्ही अध्यक्ष आहात. तुमच्या एका सहीचं काम आहे. करा की.

तुमचा,
हमाल


२६ फेब्रुवारी

बाबा,

तुम्ही उलट विचारलंत, चौथी शिकलेल्या पोराला हे शहाणपण कुणी शिकवलं. सांगतो. अर्धं गोदामानं आणि अर्धं एका बाईंनी.

आधी गोदाम. तुम्ही ते एकदा बघायला हवं होतं. तीन मजले, आणि जमिनीपासून छतापर्यंत नुसते खण. प्रत्येक खणाच्या तोंडाशी आत जे आहे त्याचं एक बटण टाचलेलं. चाकांची शिडी ढकलत जायचं आणि खण ओढायचा. एका खणात शिंपल्याची, एकात शिंगाची, एकात कसल्याशा बीची, ती बी इतकी कठीण की कानशीनं घासावी लागते. शिंपला खरा की बनावट ते गालाला लावून ओळखायचं. खरा गार लागतो, प्लास्टिक लागत नाही. पहिल्या आठवड्यात माझा एक गाल बधीर झाला होता. लोक म्हणायचे, हा पोरगा बटणांच्या प्रेमात पडलाय.

पडलोच बाबा. ज्यानं पाण्यात बुडी मारून शिंपला काढला तो आणि ज्यानं डोंगरात लाकूड तासलं तो, दोघं एकमेकांना भेटले तर कुठल्या भाषेत बोलतील? कदाचित एका पंगतीलाही बसणार नाहीत. आणि त्यांची बटणं माझ्याकडे एकाखाली एक खणात निजलेली असतात. त्यांना कुणी सांगितलं, की बाबांनो, अमुक गावात एक शिंपी आहे, त्याला कोटासाठी बटणं लागणार आहेत?

मागच्या वर्षी एका सकाळी मालकानं शिंपल्याच्या खणांवरचा भाव बदलून जवळजवळ दुप्पट केला. का, ते त्यालाही ठाऊक नव्हतं. पलीकडून आलेला माल महाग होता, एवढंच. पुढं महिनाभरात शिंगाची मागणी वाढली, मग लाकडाची. डोंगरातून लाकडी बटणांची इतकी पोती आली की जिन्यावर रचावी लागली. दोन महिन्यांनी कळलं की तिकडं समुद्रात वादळ झालं होतं आणि बुडीवाले घरी बसून होते. आणि त्याच दिवसांत आईचं पत्र आलं होतं. तिनं सहज लिहिलं होतं, यंदा तुझ्या बाबांनी कोटांना लाकडी बटणं लावली, शिंपल्याची परवडत नाहीत म्हणतात.

वादळाचं कळल्यावर मी ते पत्र पुन्हा काढून वाचलं. वादळाचं तुम्हाला ठाऊक नव्हतं, मला नव्हतं. पण तुमच्या हातानं शिंपल्याचं बटण डबीत परत ठेवलं आणि लाकडाचं उचललं, म्हणजे जे थोडे शिंपले उरले होते ते ज्याला त्यावाचून चालणारच नव्हतं त्याला मिळाले. कुठल्या साहेबानं हुकूम काढला? कुठल्या मंडळानं ठराव केला? भाव बदलला आणि सगळं जग इंचभर बाजूला सरकलं. पोट भरायला म्हणून आलो होतो या गोदामात, आणि इथं देवळात उभं राहिल्यासारखं वाटतं. हसा तुम्ही.

आता बाई. गोदामाच्या मागे हमालांचं सभागृह आहे. रविवारी तिथं एक म्हातारी बाई इतिहासावर बोलते. शाळेत शिकवायची, आता घरी कुणी ऐकत नाही म्हणून आम्हाला ऐकवते, असं तीच म्हणते. मी गेलो ते चहा फुकट होता म्हणून. बिस्किटं शिळी असतात. सात-आठ जण येतात, त्यातला एक झोपायला येतो. बाई दिसायला काडी, पण आवाज असा की झोपलेलाही दचकून उठतो.

मी बटणांच्या गोदामात आहे कळल्यावर तिनं त्या दिवशीचा विषयच बदलला. म्हणाली, अडीच-तीनशे वर्षांपूर्वी एका राजाच्या राज्यात शिंप्यांनी कोटाच्याच कापडानं मढवलेली बटणं लावायला सुरुवात केली. स्वस्त पडायची, दिसायचीही छान. झालं. बटणं करणाऱ्यांचं मंडळ राजाकडे धावलं, की आम्ही मेलो, आमचा धंदा बुडाला. राजानं बंदी केली, दंड बसवला. तेवढ्यानं भागेना म्हणून मंडळवाले म्हणाले, आम्हाला लोकांच्या घरात शिरून कपाटं तपासू द्या, आणि रस्त्यात कुणी तसला कोट घालून दिसला तर धरू द्या.

सगळे हसले. मी हसलो नाही. माझ्या डोळ्यांसमोर शेजारची पोर होती.

मग तिनं पुढचं सांगितलं. त्याच देशात पुढं एक मंत्री निघाला. त्यानं फर्मान लिहिलं, की माणसाला पोट आहे म्हणजे काम करायचा हक्कही आहे, आणि ही त्याची सगळ्यात पहिली, सगळ्यात पवित्र मालमत्ता. म्हणून सगळी मंडळं बंद. काही महिन्यांत त्याची गच्छंती झाली आणि मंडळं जागच्या जागी परत आली. मी विचारलं, मग उपयोग काय झाला? बाई म्हणाली, ‘लिहून ठेवलं होतं ना. पंधरा वर्षांनी ती कायमची गेली.’

बाबा, हात ही मालमत्ता असते, हे मला कुणी आजवर सांगितलं नव्हतं. मी त्यांना फक्त भांडवल समजायचो, तेही दुसऱ्याचं.

धाकटीचं काय ठरलं ते लिहा.


१८ मार्च

बाबा,

आईचं पत्र मी एवढ्यांदा वाचलं की घडीवर फाटलं. चूक असेल तिथं दुरुस्त करा, मला समजलं तसं परत लिहून बघतो.

परवान्याच्या परीक्षेसाठी उमेदवारांनी केलेले काजांचे तुकडे नेहमीप्रमाणे आदल्या दिवशी आपल्या घरी इस्त्रीला आले. तुकड्यावर नाव नसतं, कोपऱ्यात ज्याच्या त्याच्या रंगाच्या दोऱ्याची गाठ असते. सकाळी आईनं तबक मंडळात पोचवलं. पंच बसले. तुम्ही तुमच्या रीतीप्रमाणे डोळे मिटून एकेक काज अंगठ्याच्या नखानं खालून चाचपत गेलात. आणि जांभळ्या गाठीच्या तुकड्यावर थांबलात. पुन्हा चाचपलात. मग सगळ्यांदेखत म्हणालात, ‘हा काज ज्यानं केलाय, त्याला उद्यापासून माझ्या शेजारी बसवा.’

खजिनदार काकांनी यादी बघितली. जांभळी गाठ कुणाचीच नव्हती. तुम्हाला वाटलं, तुमच्याच एखाद्या जुन्या चेल्यानं गंमत केली असणार, कारण शेवटचा टाका दुहेरी अडकवायची रीत तुमच्या उस्तादाची, ती तुमच्याखेरीज कुणाला येत नाही. तुम्ही नावं घ्यायला लागलात, हा असेल, तो असेल. तेव्हा दारात रिकामं तबक घेऊन उभी असलेली आई म्हणाली, ‘घरचीच आहे. जेवायला या, ओळख करून देते.’

बाबा, मी गोदामाच्या जिन्यावर बसून एकटा इतका हसलो की मालक बघायला आला. आणि मग रडलो, ते त्यानं बघितलं नाही. तिसरी पिढी त्या टाक्याची. तुम्ही मला शिकवायला बघितलात, माझ्या बोटांत तो बसला नाही. तिला तुम्ही शिकवलाच नाहीत. दाराआडून बघून उचलला तिनं.

आई म्हणते, तुम्ही त्या दिवशी जेवला नाहीत. खजिनदार काका म्हणाले, ही फसवणूक आहे, तुकडा बाद. दुसरे म्हणाले, जाऊ द्या हो, अध्यक्षांची मुलगी आहे, तेवढा एक परवाना देऊन टाकू, बाकी नियम आहे तसा राहू दे. ते मोठ्या मनाचे निघाले. आता तुम्ही आडवे येऊ नका. हातात आलंय ते घ्या. सही करा आणि विषय संपवा.

पण आईच्या पत्राच्या तळाशी तुम्ही मला जे विचारलंय ते सहीनं संपत नाही. तुम्ही लिहिता, मंडळ नव्हतं तेव्हा तयार कपड्यांचा ठेकेदार एका सदऱ्यामागं तुमच्या उस्तादाला जे टेकवायचा त्यात दिवा जळायचा नाही. उस्तादाचे डोळे गेले तेव्हा मंडळानं त्याला मरेपर्यंत जेवू घातलं. दार सताड उघडं टाकलं तर उद्या डोळे गेलेल्या शिंप्याला कोण बघणार, तुझा बाजार?

रविवारी बाईंना विचारतो.


९ एप्रिल

बाबा,

मागच्या पत्रात सही करा म्हणालो ते मागं घेतो. कारण सांगतो.

रविवारी मी फुशारकीनं सगळी हकीकत बाईंना सांगितली. काज, तबक, आईचा टोला. मंडळी खूश झाली. झोपणाराही जागा होता. मग मी म्हणालो, आता अध्यक्षांच्या मुलीला परवाना मिळणार. बाईंचा चेहरा उतरला. म्हणाल्या, ‘मग इतके रविवार मी कुणाला सांगत होते? बटणवाल्यांनाही राजाकडून हेच हवं होतं. आमच्यापुरतं.’

मला राग आला. मी म्हणालो, माझ्या बहिणीचा गाळा जातोय आणि तुम्हाला तत्त्व सुचतंय. त्या म्हणाल्या, पेट्या उचलणाऱ्याच्या मुलीला, पाणी भरणाऱ्या भिस्त्याच्या मुलाला, ज्यांचा बाप अध्यक्ष नाही त्यांना कोण देणार? मेहेरबानीनं उघडलेलं दार मेहेरबानी संपली की बंद होतं. त्या मंत्र्याच्या विचाराची माणसं राजांशी भांडली, धर्मगुरूंशी भांडली, ती स्वतःला सवलत मिळावी म्हणून नाही. नियम एक असावा, तो सगळ्यांना असावा, आणि तो आधी ठाऊक असावा, यासाठी भांडली. माणूस माणसाला विकत होता तेव्हाही यांच्यातलेच कितीतरी म्हणाले, की ज्याचा देह त्याचाच. सोयीचं म्हणून म्हणाले नाहीत. त्यांच्या ओळखीचे मोठमोठे लोक त्या धंद्यात होते.

मग मी तुमचा प्रश्न विचारला, तुमच्याच शब्दांत. त्यांनी कप खाली ठेवला. म्हणाल्या, तुझ्या वडिलांचा प्रश्न खरा आहे आणि माझं उत्तर त्याला पुरतं झाकत नाही. खोटं माप आणि दडपशाही, हा बाजार नव्हे, तो दरोडा. ठेकेदारानं करार मोडला तर कायद्यानं त्याची मान धरायला हवी. आणि म्हाताऱ्यांचं म्हणशील, तर पूर्वी कामकरी लोक आपखुशीनं वर्गणी काढून आपापले फंड चालवायचे. आजारपणाचा, मर्तिकाचा. कुणाला बाहेर ठेवून नाही, उलट जेवढे जास्त आत येतील तेवढा फंड मोठा. मंडळ ठेवा की. कुलूप तेवढं काढा.

हे मला पटलं. पण माझ्याकडचंही एक लिहितो, नाही तर तुम्ही म्हणाल पोरगा एकच बाजू सांगतो. गोदामात शिंपला कापायची खोली होती, ती गेल्या महिन्यात बंद झाली. प्लास्टिकपुढं टिकली नाही. तिथला मिशाळ म्हणून एक कारागीर, बोटांना सगळीकडं चरे, त्यानं मला खरा शिंपला गालाला लावायला शिकवलं होतं. तो गेला. कुणी हाकललं नाही, कुणी कट केला नाही, पण तो गेला. त्या दिवशी मला देऊळबिऊळ काही वाटलं नाही. पंधरवड्यानं तो भेटला, बंदरावर होडीच्या फळ्या तासत होता. मजुरी बरी आहे म्हणाला. आणि मग म्हणाला, ‘फळी गार लागत नाही रे गालाला.’

तरी मी विचार केला. मिशाळला फळ्या तासायला कुणाची परवानगी लागली नाही. होडीवाल्यांचं मंडळ असतं आणि त्यांनी सात वर्षं मागितली असती, तर त्याच्या पोरांनी काय खाल्लं असतं? एक दार बंद झालं तेव्हा दुसऱ्याला कडी नव्हती, म्हणून तो जगला.

तेव्हा बाबा, धाकटीला एकटीला परवाना देऊ नका. गाळा गेला तर जाईल. हे तिला दाखवू नका. दार उघडायचं तर सगळ्यांना उघडा. मंडळाची सभा एकवीस तारखेला आहे ना? त्याआधी हे पत्र पोचावं.


३० एप्रिल

बाबा,

पत्र पोचलं नाही, हे कळलं. म्हणजे पोचलं, पण सभेनंतर दोन दिवसांनी. टपालवाल्याचा मी जन्मभर ऋणी राहीन.

कारण ते आधी पोचलं असतं तर मी आज इथं कॉलर ताठ करून फिरत असतो, की बापाला मी शिकवलं. आता तसं म्हणायची सोय राहिली नाही. धाकटीनं सगळं सविस्तर लिहिलंय. इतक्या महिन्यांत तिचं पहिलं पत्र.

ती लिहिते, सभेत सगळ्यांनी आधीच ठरवून ठेवलं होतं, अध्यक्षांच्या मुलीला खास बाब म्हणून परवाना. खजिनदार काकांनीसुद्धा मान डोलावली. परवान्याचा कागद लिहून तयार होता, फक्त तुमची सही राहिली होती. ती दाराबाहेर आईजवळ उभी होती, गाळ्याचं भाडं रुमालात बांधून. तुम्ही कागद वाचलात. चष्मा काढलात. आणि म्हणालात, ‘खास बाब नको. माझ्या पोरीला आत घ्यायचं असेल तर जिचा बाप इथं बसलेला नाही तिलाही घ्या. नाही तर ही पण बाहेर.’

बाबा, मी ते वाक्य इथं गोदामात, शिडीवर उभा राहून वाचलं, मग खाली उतरून पुन्हा वाचलं. बाईंनी मला जे समजावायला आख्खा हिवाळा घेतला, ते तुम्ही कुठल्या रविवारी ऐकलंत? तुम्ही तर सभागृह पाहिलं नाही, मंत्र्याचं फर्मान ऐकलं नाही. व्यापारी चोर म्हणणारे तुम्ही. मला वाटायचं, हा विचार पुस्तकांत जन्मला, मोठमोठ्या लोकांनी तो लढून आणला आणि आता बंदरावरून पेट्यांतून आपल्याकडे यायचाय. आणि तो आपल्या घरात, तुमच्या चष्म्यामागं बसला होता. डोळे मिटून काज चाचपायचा आणि मग नाव विचारायचं, हे तुम्ही उगाच करत नव्हता तर. मला पाच वर्षांत ते दिसलं नाही.

तुम्ही रीतसर ठराव मांडलात. परीक्षा जो देईल त्याला, बाई असो पुरुष असो, सात वर्षं असोत नसोत, काज उतरला तर परवाना. म्हातारपणाचा फंड सगळ्यांच्या वर्गणीतून. मतं पडली आणि तुम्ही हरलात. खास बाब देणारे मोठ्या मनाचे लोक ठरावाला हात वर करेनात. तयार कागद तुम्ही स्वतः फाडलात. धाकटी लिहिते, तिला तुमचा इतका राग आला की रुमाल तिथंच सोडून ती घरी आली, आणि घरी पोचेपर्यंत राग कुठं गेला ते तिला कळलं नाही. तुम्ही परतलात तेव्हा तिनं काही न बोलता ताट वाढलं आणि तुम्ही काही न बोलता जेवलात. आई म्हणाली, दोघांचा शेवटचा टाका सारखाच.

तुम्ही पुढच्या सभेत ठराव पुन्हा मांडणार हे वाचलं. सहा महिने आहेत. खजिनदार काकांना चहाला बोलवा, त्यांच्या नातीला शिवणाची आवड आहे असं आई म्हणते.

आता कामाचं. धाकटीनं गाळा घेतला. परवाना नसताना. तुम्ही तिला थांबवलं नाहीत, पण अध्यक्ष म्हणून नियम पाळणार हेही सांगितलंत. बरोबर आहे, नियम आहे तोवर तो तुमच्या घरापुरता वाकवता येत नाही. तिनं मंडळाची नियमावली काढून वाचली म्हणे. विनापरवाना कपड्याची बटणं कापायची, किंवा शिवणाऱ्यानं त्या कपड्याचा दंड भरायचा. दंड शिलाईहून जास्त, म्हणून आजवर कुणी भरला नाही आणि कात्रीच चालत आली. ती म्हणते, मी भरेन, गिऱ्हाइकाच्या अंगावरची बटणं कुणी कापायची नाहीत. आणि दंडाची पावती अध्यक्षांनीच फाडायची, असंही नियमात आहे. तेव्हा तुम्ही रोज संध्याकाळी तिच्या गाळ्यात जाऊन मोजून पावत्या फाडाल आणि ती तुम्हाला चहा देईल, असं दिसतं.

पण एवढा दंड तिला एकटीला झेपायचा नाही. शाळा उघडतील, गणवेशाचे कपडे येतील, पहिल्या महिन्यात तीस तरी होतील असा तिचा अंदाज आहे. दंड एका कपड्याला नव्वद.

मनीऑर्डर सत्तावीसशेची केली आहे.